हिरवी पट्टी

“ही चालू करून दी गो,” दत्ताराम म्हणाला आणि त्याने रुमालात गुंडाळलेली काळी हार्ड डिस्क उर्वशीच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर ठेवली.

तिने हात पुढे केला नाही. दीड वर्षात ती या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. मालवणच्या बाजारात त्याच्याशी फारसं कुणी बोलतच नव्हतं. दोन हजार सातच्या डिसेंबरात पर्यटकांची होडी बंदराबाहेर उलटली, तेव्हा ती चालवणारे दोघे होते. उर्वशीचे वडील सहदेव आणि त्यांचा भागीदार दत्ताराम. होडीतले सहाही पर्यटक बुडाले. सहदेवचं प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं ते एका बाईबरोबर. तिच्या मुठीत त्याचा शर्ट होता. शेवटच्या श्वासापर्यंत तो तिला वाचवत होता, असं सगळे म्हणाले. दत्ताराम एकटा जिवंत किनाऱ्याला लागला. माणसांना सोडून पळाला, असंही सगळेच म्हणाले. त्याच्या होडीत पुन्हा कुणी बसलं नाही. त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

“काय आसा हेच्यात?” उर्वशीने विचारलं.

“त्या दिवशी खडकावर एक कोल्हापूरचो माणूस होतो. लांबचा जवळ दिसता तसल्या कॅमेऱ्यान तेना शूटिंग केल्यान. तो काय साक्षीक येवचो नाय. ह्याच्यात सगळा आसा, पण कंप्युटराक दिसत नाय, म्हणता. चार फेरे मारलंय, तेव्हा दिल्यान. सोमवारी कोर्टात तारीख आसा. मी पळूक नाय गो. तेवढा माका दाखवूक व्हया.”

उर्वशीने डिस्क उचलली. बरंच झालं, तिला वाटलं. कोण पळालं ते एकदा सगळ्यांना दिसूच दे.

कंप्युटरच्या पुढच्या बाजूच्या पोर्टला लावल्यावर दिवा लागला, आतून टकटक आवाज आला. कंप्युटरने ओळख दिली नाही. तिने केबल बदलली. मागच्या पोर्टला लावून पाहिली. टकटक चालूच. वीज कमी पडत असणार. तिने खणातून दोन तोंडांची केबल शोधून काढली आणि दोन्ही तोंडं मागे खोचली. टकटक थांबली. चकती एका लयीत फिरू लागली. तरीही डिस्क दिसेना. सेटिंगमध्ये खोल शिरल्यावर ती सापडली, पण कंप्युटर प्रत्येक डिस्कला देतो ते अक्षरच तिला मिळालं नव्हतं. उर्वशीने ‘के’ दिलं आणि फोल्डर उघडला.

दत्ताराम समोरच्या बाकावर बसला होता. स्क्रीन त्याच्याकडे पाठमोरा होता. तिने हेडफोन लावला आणि व्हिडिओ सुरू केला.

उलट्या होडीभोवती डोकी वरखाली होत होती. दत्ताराम बुड्या मारत होता. एकाला त्याने होडीच्या पाठीवर ढकललं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एक आडवी लाट आली आणि तिघांनाही घेऊन गेली. तो पुन्हा बुडाला, पुन्हा वर आला. किनाऱ्याकडे वळला तेव्हा पाण्यावर कुणीच नव्हतं.

त्याआधी, होडीच्या दुसऱ्या बाजूला, सहदेव होता. हवा भरलेली ट्यूब एका बाईच्या गळ्यात होती आणि तो ती ओढत होता. बाईने त्याचा शर्ट धरला. त्याने कोपराने तिच्या तोंडावर मारलं. मग आणखी एकदा. ट्यूब निसटून वाऱ्याबरोबर लांब गेली. बाईची मूठ सुटली नाही.

उर्वशीने ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यात धक्क्यावरच्या निवाऱ्याला सहदेवचं नाव देणार होते. तिची आई सत्यवती फीत कापणार होती.

“दिसता काय गो?” दत्तारामने विचारलं.

“थांबा, काका. दुरुस्त करूची लागतली.”

दीड वर्षाने ती त्याला काका म्हणाली होती. दत्तारामने मान फिरवली आणि बाहीने डोळे पुसले.

उर्वशीने व्हिडिओ बंद केला. डिस्कवर क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडलं. सगळं पुसलं जाईल, असा इशारा आला. तो तिने दोनदा वाचला. मग होकार दिला.

दत्तारामला राहवेना. तो उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती.

“ह्या काय?”

“दुरुस्ती चालू आसा. पट्टी भरली की झाला.”

त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. मध्येच उठून समोरच्या हॉटेलातून तिच्यासाठी चहा घेऊन आला. ती तो प्यायली. पाऊण तास तो पट्टीवरची नजर न काढता बसून राहिला. पट्टी वीतभर झाली तसे त्याचे हात आपोआप जोडले गेले. “वायच पुढे गेला,” तो हळूच म्हणायचा. ती हं म्हणायची.

पट्टी भरली. उर्वशीने डिस्क उघडली. पांढरीफटक खिडकी.

“चालू झाली, काका. पण आत काय उरूक नाय.”

दत्तारामने त्या पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवून पाहिलं. मग त्याने डिस्क पुन्हा रुमालात बांधली. पायरीपर्यंत गेला आणि थांबला.

“आता सगळा गेलाच, तर सांगतंय,” तो म्हणाला. “ट्यूबेचा मी बघल्लंय गो. दीड वर्सा कोणाकडे बोलूक नाय. पाण्यात माणसाचा काय खरा नसता. शूटिंगातला तुझ्या बापाशीचा तेवढा तू आदी कापून टाकशीत, म्हणान मी ही कुडाळाक दुसऱ्या दुकानात न नेता तुझ्याकडे हाडलंय.”