बाई छान म्हणाल्या

शिवणकाम करणाऱ्या आक्का तीस वर्षं शाळेतल्या बाईंचे कोट शिवत होत्या आणि बाई तीस वर्षं त्या कोटांना नावं ठेवत होत्या. "आक्का, हा खिसा आहे का घसरगुंडी?" असं ऐकवायचं आणि जाताना पुढचं कापड टेबलावर ठेवायचं, ही बाईंची रीत. अलीकडे डोळ्यांनी दगा दिलाय, हे आक्कांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. कळलं असतं, तर गिऱ्हाईक दाराशी फिरकलं नसतं.

आज बाई नवा कोट घालून आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"छान झालाय हो. अगदी अंगाबरोबर बसलाय."

हे आक्का तीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी बाईंच्या दोन्ही मनगटांवरून बोटं फिरवली. एक बाही चांगली दोन बोटं आखूड होती.

"बाई, माझ्याकडचा हा शेवटचाच कोट म्हणायचा का?"

बाई कोट उतरवून, स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"सुया कुठे ठेवता तुम्ही?" त्या म्हणाल्या. "दोरा मी ओवते."