दारात सांगितलेला इतिहास

"आमची शाळा शंभर वर्षांची आहे," मुख्याध्यापिका हुंडेकरीबाईंनी दारातूनच सुरुवात केली.

"मग छप्परही तेवढंच जुनं असणार," विडी वळता वळता रेणुका म्हणाली.

सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात महापालिकेच्या शाळेच्या या बाई पहिलीसाठी मुलं शोधत हिंडत होत्या. मुलं मिळाली नाहीत, तर यंदा शाळेला कुलूप लागणार होतं.

"गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा निघाली. तिथे दोन महापौर शिकले, एक मोठे डॉक्टर..."

"आणि मी."

"तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"चौथीपर्यंत. मग विड्यांना आईचे हात पुरेनात, म्हणून मला घरी बसवलं. वाटायचं, बाई बोलवायला येतील. कितीतरी दिवस दाराकडे बघत होते. कोणी आलं नाही. आता शाळेला माझी पोरगी पाहिजे, तर आलात."

हुंडेकरीबाईंनी महापौर, डॉक्टर तिथेच सोडले आणि त्या पायरीवर बसल्या. "यायला हवं होतं कुणीतरी," एवढंच म्हणाल्या.

रेणुकाने विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि त्यांना पाणी दिलं. "पोरगी एखाद दिवस शाळेत आली नाही, तर बोलवायला याल?"

"येईन."

"सगळे असंच म्हणतात."

बाई सावकाश पाणी पीत राहिल्या. रेणुका त्यांच्याकडे बघत होती. मग तिने आत हाक मारली.

"श्रावणी, चप्पल घाल. बाईंना शाळेतून आपल्या घरी यायचा जवळचा रस्ता दाखव."