एक जून

"सर, केक मी कापू का?" बालगृहातल्या मैनानं मला हळूच विचारलं.

आमच्या शाळेत वाढदिवसाला चॉकलेटं वाटत नाहीत. त्याऐवजी जवळच्या बालगृहातल्या अनाथ मुलांसाठी केक न्यायचा, असा नियमच आहे. ज्याचा वाढदिवस, त्या पोराला तिथं घेऊन जायचं काम माझं. आज पाचवीतल्या ईशानचा वाढदिवस होता.

मी काही बोलायच्या आत ईशानची आई हसली. "अगं, आज दादाचा बर्थडे ना? तू तुझ्या बर्थडेला काप हं. कधी असतो?"

"एक जून."

"आणि तुझा गं?" तिनं शेजारच्या मुलीला विचारलं.

"एक जून."

"आमच्यात कुणाचीच खरी तारीख माहीत नाय," मैना म्हणाली. "शाळेत घालताना सगळ्यांना एक जूनच लावलीय."

मी म्हटलं, "एक जूनला मी मोठा केक आणतो. तूच काप."

"गेल्या वर्षीचे सर पण असंच बोलले," ती म्हणाली. "पण तेव्हा तुमच्या शाळेला सुट्टी असते ना."

ईशाननं सुरी उचलली. टाळ्या सगळ्यांच्या आधी मैनाच वाजवायला लागली.