थोरलीचा चिकू

थोरलीला चिकू फार आवडायचा, म्हणून वडिलांनी मागच्या अंगणात तिच्यासाठी कलम लावलं. झाडाला पहिला बहर येण्याआधीच थोरली तापात गेली. मग वडिलांनी ते झाडच पोटच्या पोरीसारखं जपलं. आता वय झालं, डोक्यातलं एकेक पुसत चाललं, पण चिकू कधी उतरवायचे, पेंढ्यात किती दिवस दडपून ठेवायचे, हे त्यांच्या हातांना बरोबर ठाऊक होतं.

धाकटी दर रविवारी त्यांना भेटायला यायची. गेले काही महिने ते तिला थोरलीच्या नावानं हाक मारत होते. पहिल्यांदा तिला भडभडून आलं. मग तिनं मनाची समजूत घातली, 'ताई गेल्याचं तरी विसरले. तेवढाच जिवाला आराम.' चिकूचा तिला वाससुद्धा सोसायचा नाही, तरी ती ताई होऊन गुपचूप खायची.

आजही त्यांनी एक मऊसूत चिकू सोलला, बिया काढल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"खा गं बाळा, तुझ्याच झाडाचा आहे."

"गोड आहे हो, बाबा!" ती फोड कशीबशी गिळत म्हणाली. "तुम्हीपण घ्या ना."

वडिलांनी नको म्हणून मान हलवली. त्यांचे डोळे एकदम भरून आले.



"धाकटी असती तर तिनं हातही लावला नसता. तिला आपला पेरू हवा असायचा. लावू लावू म्हणेपर्यंत पोर तापात गेली गं."