चौथा सोबती

चौतीस सालच्या हिवाळ्यात बर्वे वकिलांनी पायी सुरतेला जायचा घाट घातला आणि सोबत्यांसाठी महिनाभर सारं नाशिक पालथं घातलं. कसेबसे त्यांच्यासकट चौघे जमले, तर निघायच्या सकाळीच टिपणीस मास्तरांनी ताप आल्याचा निरोप धाडला.

"छे! तिघांनी निघणं म्हणजे अपशकुन," म्हणत वकील वेशीपाशीच थबकले.

त्यांचा तंबू, तांदूळ नि भांडी डोक्यावर घेऊन काळू पहाटेपासून ताटकळला होता. पेठच्या डोंगरातली वाट एकट्या त्यालाच ठाऊक होती. तो पुढं सरकला. "मी हाय ना चवथा."

"हमालाला कोण मोजतं रे?" वकील हसले. त्यांनी वाटेवरचा दगड उचलला आणि "हा झाला आपला चौथा!" म्हणत काळूच्याच ओझ्यात खुपसला.

काळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ओझं धाडकन खाली टाकलं, त्यातला दगड काढून वकिलांच्या हातात कोंबला आणि तो एकटाच चालू लागला.

"अरे, मग वाट कोण दाखवणार?" वकील ओरडले.

काळू वळलासुद्धा नाही. "चवथ्याला इचारा!"