भिंतीला दिलेले उत्तर

वजन उतरावे म्हणून सुलक्षणाच्या जठराचा मोठा भाग काढून टाकला, त्यानंतर वॉर्डात परिचारिका अशी फिरकलीच नव्हती. उशाजवळची भिंतच मृदू आवाजात विचारी, "कसं वाटतंय?"

"बरी आहे," सुलक्षणा म्हणे. भिंत ते टिपून घेई आणि वेदनाशामक थोडे कमी करी.

संध्याकाळी भेटायला आलेल्या अक्काने बहिणीच्या कपाळाला हात लावला.

"अगं, तापाने फणफणली आहेस! सांगितलंस का?"

"परक्यापुढे कसलं रडगाणं गायचं, अक्का?"

"परकी कसली? भिंत आहे ती! माझं ती ऐकायची नाही. तुलाच बोलावं लागेल."

भिंतीने पुन्हा विचारले. सवयीचे उत्तर सुलक्षणाच्या ओठांवर आले, पण अक्काने तिचा हात घट्ट धरला होता. पोटातली कळ एखाद्या जुन्या दुःखासारखी वर चढत आली.

"दुखतंय," ती म्हणाली. "फार दुखतंय."

दारावरचा दिवा लाल झाला. धावत आलेल्या परिचारिकेने पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "दगडासारखं लागतंय," असे पुटपुटत तिने डॉक्टरांना हाक मारली. हात मात्र तिथेच राहू दिला.

त्या उबेने सुलक्षणाचे डोळे भरून आले.

"माफ करा हं," ती म्हणाली, "उगाच त्रास दिला तुम्हाला."