मूठभर मीठ

केमोनं कुमुदच्या तोंडाची चव गेली, तरी रोज हसतखेळतच जेवायचं, हा घरातला नियम तिचाच. काल देवासहून इंदूरला तपासणीसाठी गेल्यावर नवरा डॉक्टरांशी एकटाच बोलला आणि हसत बाहेर आला. “टेन्शन नको, गाठ विरघळतेय!” तिला ते हसू खरं वाटेना. म्हणून आज तिनं आमटीत मुद्दाम मूठभर मीठ घातलं. ही माणसं आपल्याशी खोटं बोलतात का, एवढंच बघायचं होतं. “कशी झालीय हो?” नवऱ्यानं भुरका मारला. त्याला जोराचा ठसका लागला. “वा! मजा आ गया!” लेकीनं पाण्याचा तांब्याच संपवला. “एक नंबर, आई. कसम से.” कुणीतरी थुंकावं, ‘अगं, केवढं हे मीठ!’ म्हणून ओरडावं, याची ती वाट बघत राहिली. नवऱ्यानं वाटी पुढे केली. “अजून वाढ.” नियम तिचाच होता. तिनं हसत वाढली.